नाव आधी, विंडोज नंतर

वाचकांच्या संगणक-शंका

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. तेव्हापासून जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला आहे. व्हायरस, हळू चालणारं यंत्र वगैरे मागे पडलं. आता लॅबच्या लॅब आणि शाखेच्या शाखा नव्यानं लागताहेत. यातली बरीच पत्रं एकाच जागी अडलेली दिसली: यंत्राला नाव कोणी द्यायचं आणि केव्हा? म्हणून या वेळी तीच एकत्र घेते.

चोपड्याहून एका कनिष्ठ महाविद्यालयातले प्रयोगशाळा सहायक लिहितात:

ताई, स. न. वि. वि. आमच्याकडे एकाच कंपनीची ४० नवी यंत्रं आली. एक यंत्र नीट तयार केलं. मराठी टायपिंग, टॅली, सी-प्लस-प्लसचा कंपायलर, प्रिंटर, सगळं घातलं. क्लोनझिलानं त्याच्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढून बाकीच्या ३९ वर टाकली. आता सगळ्यांचं नाव एकच. हे नाव नेटवर्कवर आधीच आहे, असा संदेश येतो. व्हेयॉनमध्ये (विद्यार्थ्यांचे पडदे सरांना दाखवणारं सॉफ्टवेअर) सरांनी एका विद्यार्थ्याचा पडदा उघडला तर भलत्याचाच दिसतो. एकेका यंत्रापुढे बसून नाव बदलायला घेतलं आहे, पण बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आहे आणि पुढच्या वर्षी इमेज टाकली की पुन्हा तेच. नाव आपोआप पडेल असं काही करता येतं का?

उत्तर: येतं, आणि ४० यंत्रांसाठी ते करायलाच हवं.

क्लोनझिला डिस्क जशीच्या तशी उतरवतं, तेच त्याचं काम. यंत्राचं नाव विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे डिस्कवरच असतं, त्यामुळे इमेजबरोबर तेही उतरलं. नावाबरोबर आणखी एक गोष्ट उतरली आहे, जी तुम्हाला अजून दिसलेली नाही: यंत्राचा एसआयडी, म्हणजे विंडोजनं आतल्या आत दिलेला ओळख-क्रमांक. पूर्वी वर्कग्रुपमध्ये, म्हणजे मध्यवर्ती सर्व्हर नसलेल्या साध्या नेटवर्कमध्ये, सगळ्यांचा एसआयडी सारखा असला तरी सहसा काही अडत नसे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीवर ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून आलेल्या अपडेटनंतर मात्र सारखा एसआयडी असलेली यंत्रं एकमेकांना ओळख पटवून देऊ शकत नाहीत. शेअर केलेलं फोल्डर पासवर्ड बरोबर असूनही उघडत नाही. तेव्हा नुसती नावं बदलून तुमचं काम पुरं होणार नाही, इमेजच नीट घ्यावी लागेल.

इमेज घेण्याआधी तयार केलेल्या यंत्रावर सिसप्रेप हे विंडोजमधलंच साधन चालवा, त्यात ‘जनरलाइझ’ आणि ‘ओओबीई’ हे पर्याय निवडा आणि शेवटी यंत्र बंद होऊ द्या. पुन्हा सुरू करू नका, बंद अवस्थेतच इमेज घ्या. जनरलाइझ केलं की नाव, एसआयडी अशी त्या यंत्रापुरती ओळख पुसली जाते. ही इमेज दुसऱ्या यंत्रावर उतरून पहिल्यांदा सुरू झाली की विंडोज ‘स्पेशलाइझ’ नावाच्या टप्प्यातून जातं आणि नाव तिथे ठरतं. ते कुठून घ्यायचं, हे अनअटेंड फाइलमध्ये, म्हणजे सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन ठेवणाऱ्या फाइलमध्ये, लिहिलेलं असतं. या फाइलीत ‘कॉम्प्युटरनेम’ची जागा असते. तिथे तारांकन टाकलं किंवा काहीच टाकलं नाही, तर विंडोज स्वतःच्या मनानं अक्षरं-आकडे जुळवून एक नाव ठोकून देतं. ‘डेस्कटॉप’ आणि पुढे डॅश देऊन ७ अगम्य चिन्हं, ही नावं तुम्ही पाहिलीच असतील. दोन यंत्रांची नावं सारखी येणार नाहीत हे खरं, पण परीक्षेच्या वेळी ‘डेस्कटॉप-अमुकतमुक बंद पडलं’ असं कोणी ओरडलं तर तुम्ही कुठल्या टेबलाकडे धावणार?

तेव्हा नाव तुमच्या यादीतून यायला हवं. आणि यादीतली कुठली ओळ आपली, हे यंत्राला त्याच्याजवळच्याच एखाद्या खुणेवरून कळायला हवं. अशा खुणा दोन: बायोसमधला सिरियल नंबर आणि नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता. तुमची यंत्रं कंपनीची आहेत, त्यामुळे सिरियल नंबर भरवशाचा. तो खोक्यावरही छापलेला असतो.

आता यादी. वेगळी एक्सेल शीट सुरू करू नका. तुमच्या कॉलेजात डेडस्टॉक रजिस्टर असणारच. यंत्र आलं की त्यात नोंद होते, क्रमांक पडतो आणि तो क्रमांक ऑइलपेंटनं कॅबिनेटवर लिहिला जातो. तपासणीच्या वेळी तोच विचारतात. यंत्राचं नाव त्याच क्रमांकावरून बनवा. गावाची तीन रोमन अक्षरं, डॅश, खोलीची दोन चिन्हं, डॅश आणि डेडस्टॉकचा चार अंकी क्रमांक: ‘सीएचपी-एल१-०२१७’. रोमनमध्ये ही ११ चिन्हं होतात. माझा आग्रह आहे तो याच पद्धतीचा. लॅब लावणारे लोक यंत्राला टेबलाच्या क्रमांकावरून नाव देतात. सहा महिन्यांत तिसऱ्या टेबलावरचा मॉनिटर जातो, कोणीतरी अख्खं यंत्रच अठराव्यावरून उचलून तिसऱ्यावर ठेवतं आणि नावं खोटी ठरतात. रंगानं लिहिलेला क्रमांक यंत्राबरोबर फिरतो. सरांना बसण्याच्या जागेप्रमाणे पडदे दिसायला हवे असतील तर ती मांडणी व्हेयॉनमध्ये करा, त्यात संगणक हवे तिथे सरकवता येतात.

नावाची लांबी १५ चिन्हांच्या आत ठेवा. ही मर्यादा नेटबायोसची, म्हणजे नेटवर्कवर यंत्रं नावानं ओळखण्याच्या जुन्या पद्धतीची, १९८३ सालची. नावासाठी १६ जागा होत्या, त्यातली शेवटची सेवेच्या प्रकारासाठी राखून ठेवली, म्हणून उरल्या १५. रोमनमध्ये चोपडा-कॉलेज-लॅब एवढं सलग लिहिलं तरी ‘लॅब’चं शेवटचं अक्षर सोळावं पडतं. त्यापुढे लिहिलेले ०१, ०२, ०३ नेटबायोसच्या हिशोबी नसल्यातच जमा, म्हणजे ४० यंत्रं पुन्हा एकाच नावाची. शिवाय नावात मोकळी जागा चालत नाही, नुसते आकडेही चालत नाहीत. ‘०२१७’ एवढंच दिलं तर विंडोज घेत नाही. अंडरस्कोर टाळा, डीएनएसला तो रुचत नाही. डॅश पुरेसा आहे.

राहिला प्रश्न यादीतलं नाव फाइलीत उतरवण्याचा. लॅबसाठी मी फॉग हे नेटवर्कवरून इमेज उतरवणारं सॉफ्टवेअर वापरायला सांगते. फुकट आहे आणि एखाद्या जुन्या यंत्रावर डेबियन किंवा उबंटू टाकून चालतं. लॅबची यंत्रं नेटवर्कवरून, म्हणजे पीएक्सईनं सुरू होतात आणि फॉग त्यांना मॅक पत्त्यावरून ओळखतं. म्हणजे इथे खूण मॅकची, म्हणून डेडस्टॉकच्या नोंदीसमोर सिरियल नंबरच्या शेजारी मॅकसाठीही एक रकाना आखा. नाव आणि मॅक अशी यादी सीएसव्ही फाइलमधून एकदम आत घेता येते. इमेज उतरली की विंडोज सुरू होण्याआधीच नाव बदलण्याची सोय फॉगच्या सेटिंगमध्ये आहे, ती चालू ठेवा. एक काळजी मात्र जरूर घ्या. इमेजमध्ये फॉगचा क्लायंट घातला असेल तर सिसप्रेपपूर्वी त्याची सेवा डिसेबल करा आणि सेटअप पूर्ण झाल्यावर चालणाऱ्या ‘सेटअपकम्प्लीट’ फाइलमधून पुन्हा चालू करा. नाहीतर विंडोजचा सेटअप अर्ध्यावर असताना क्लायंट यंत्राला रीस्टार्ट देतो आणि सगळं तिथेच अडकतं.

फॉगमध्ये झटपट नोंदणीचाही मार्ग आहे. त्यात नाव मॅकवरून पडतं किंवा एका साच्यात पुढचा-पुढचा आकडा घेतं. साच्याचा मार्ग लॅबला नको. जे यंत्र आधी सुरू होईल त्याला आधीचा आकडा मिळतो. मध्येच वीज गेली आणि यंत्रं मागेपुढे सुरू झाली, की क्रमाचा कशाशी मेळ राहत नाही.

क्लोनझिलाच ठेवायचं असेल तर इमेज उतरल्यावर यंत्र विनपीईच्या, म्हणजे विंडोजच्या छोट्या आवृत्तीच्या, पेनड्राइव्हवर सुरू करा. तिथे एक छोटी स्क्रिप्ट सिरियल नंबर वाचते, यादीत शोधते आणि अनअटेंड फाइलमधल्या ठरावीक खुणेच्या जागी नाव भरते. विनपीईत पॉवरशेल आयतं नसतं, पेनड्राइव्ह बनवतानाच घालावं लागतं. इथे एक बारकावा आहे. सिसप्रेप चालवताना जी अनअटेंड फाइल दिली असेल तिची प्रत विंडोजच्या ‘पँथर’ फोल्डरमध्ये राहते आणि विंडोज पहिल्यांदा सुरू होताना ती वाचतं. बदल त्याच प्रतीत करा. दुसरीकडे नवी फाइल ठेवून ‘नाव का पडत नाही’ म्हणून डोकं धरून बसलेले बरेच जण मी पाहिले आहेत.

आता परीक्षेचं. प्रात्यक्षिक परीक्षा होईपर्यंत इमेजला हात लावू नका. सिरियल नंबर आणि नावं यांची यादी पेनड्राइव्हवर घ्या. पॉवरशेलची चार ओळींची स्क्रिप्ट ‘विन३२_बायोस’मधून सिरियल वाचेल, यादीत शोधेल, ‘रिनेम-कॉम्प्युटर’ चालवेल आणि यंत्र रीस्टार्ट करेल. हातानं टाइप करायचं काही उरत नाही, त्यामुळे ०२१७ चं ०२७१ होण्याची भीती नाही. परीक्षा संपली की सिसप्रेप करून नवी इमेज टाका.

धुळ्याहून एका पतसंस्थेचा संगणक विभाग पाहणारे गृहस्थ लिहितात:

शिरपूर, साक्री, दोंडाईचा अशा आमच्या शाखा आहेत. विंडोज टाकायला एमडीटी हे मायक्रोसॉफ्टचं साधन वापरतो. त्यात ‘पीएस’, डॅश आणि पुढे सिरियल नंबर असं नाव लावलं होतं. मुख्य कचेरीत छान चाललं. शाखांमधली यंत्रं स्थानिक दुकानातून असेंबल केलेली आहेत, तिथे सेटअप स्पेशलाइझ टप्प्यात थांबला, अनअटेंड फाइल वाचता येत नाही म्हणाला. मोकळ्या जागा काढून नाव १५ चिन्हांवर कापलं, मग सेटअप पुरा झाला. पण आता साक्रीचं यंत्र जोडलं की शिरपूरच्या यंत्रावर डोमेनशी विश्वासाचं नातं तुटल्याचा संदेश येतो आणि कॅशियरला लॉगिन होता येत नाही. व्हायरस असेल का?

उत्तर: व्हायरस नाही. शिरपूरच्या यंत्रावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘होस्टनेम’ लिहा, मग साक्रीच्या यंत्रावर लिहा. दोन्हीकडे एकच नाव दिसेल.

असेंबल केलेल्या यंत्राचा मदरबोर्ड सुटा विकलेला असतो. सिरियल नंबरची जागा दुकानदारानं भरावी अशी अपेक्षा असते, ती कोणी भरत नाही. मग तिथे कारखान्यातून आलेला मजकूर तसाच राहतो: ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’, ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ किंवा ‘सिस्टिम सिरियल नंबर’. पहिल्या खेपेला त्यातल्या मोकळ्या जागा आणि टिंबं नावात आली, म्हणून सेटअप अडला. ते अडणं बरंच होतं. तुम्ही जागा काढून नाव कापलंत, सेटअपला नाव पटलं आणि सगळ्या शाखांना तेच नाव पडलं.

डोमेनमध्ये, म्हणजे एका मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यातल्या नेटवर्कमध्ये, प्रत्येक यंत्राचं ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (सर्व्हरवरच्या नोंदवहीत) खातं असतं आणि त्याचा पासवर्ड यंत्र आणि सर्व्हर आपापसात ठरवतात. साक्रीचं यंत्र त्याच नावानं जोडलं गेलं, तेव्हा शिरपूरच्या खात्याचाच पासवर्ड बदलला. शिरपूरजवळ जुना पासवर्ड, म्हणून नातं तुटलं. शिरपूर पुन्हा जोडलंत की साक्री तुटेल, हे चक्र थांबणार नाही. ऑक्टोबर २०२२ च्या सुरक्षा बदलानंतर दुसऱ्यानं तयार केलेलं खातं असं सहजी पुन्हा वापरता येत नाही, पण तुम्ही सगळी यंत्रं एकाच खात्यानं डोमेनला जोडत असणार, म्हणून ती तपासणी आडवी आली नाही.

उपाय असा. स्क्रिप्टमध्ये आधी सिरियल नंबर तपासा. तो रिकामा असेल, त्यात मोकळी जागा असेल किंवा वर दिलेल्यांपैकी एखादा मजकूर असेल, तर तो सोडून द्या आणि मॅक घ्या. मॅक १२ चिन्हांचा, ‘पीएस’ आणि डॅश मिळून ३, बरोबर १५ होतात. वाचायला अवघड आहे, पण पतसंस्थेत यंत्र नावानं हाक मारण्याची वेळ कमी येते आणि शाखेची नोंद खात्याच्या वर्णनात ठेवता येते. मुख्य कचेरीच्या यंत्रांचा सिरियल तसाच चालू द्या. तो लांब असेल तर उजवीकडची चिन्हं घ्या, डावीकडची नकोत. एका खेपेत आलेल्या यंत्रांचे सिरियल बहुधा सुरुवातीला सारखे असतात, वेगळेपण शेवटाकडे असतं. डेलचा सर्व्हिस टॅग ७ चिन्हांचाच आहे, तो पुरा मावतो.

लॅपटॉपबाबत एक सांगते. ज्या लॅपटॉपला लॅनची खाच नाही, त्याला आपण यूएसबीचं लॅन-अडॅप्टर लावून विंडोज टाकतो. मॅक त्या अडॅप्टरचा असतो. तोच अडॅप्टर पुढच्या लॅपटॉपला लावला की दोघांना एकच नाव पडतं. लॅपटॉपसाठी नेहमी सिरियलच घ्या.

आणि एमडीटीवर आता नवं काही उभारू नका. विंडोज ११ साठी त्याला मायक्रोसॉफ्टचा अधिकृत आधार नाही. आहे ते चालतंय तोवर चालवा, पण यादी आणि नावाचा नियम एमडीटीच्या फाइलीत पुरून ठेवू नका, वेगळ्या सीएसव्हीत ठेवा. उद्या साधन बदललं तरी यादी कामाला येईल. पुढे कधी ऑटोपायलटकडे (इंटरनेटवरून यंत्रं लावण्याची मायक्रोसॉफ्टची सोय) गेलात तर तिथेही नावाचा साचा देता येतो, त्यात सिरियल किंवा ठरावीक लांबीचे यादृच्छिक आकडे घेता येतात, आणि १५ ची मर्यादा तिथेही सुटत नाही.

शहाद्याहून एका शाळेतल्या शिक्षिका विचारतात:

मुलांना आवडेल म्हणून संगणकांना नद्यांची नावं द्यायची आहेत: तापी, गोमाई, गिरणा, पांझरा. चालेल ना?

उत्तर: कल्पना मला मनापासून आवडली आणि तिला जुना आधारही आहे. संगणकाला नाव कसं द्यावं यावर १९९० मध्ये इंटरनेट जगतात एक टिपण निघालं, आरएफसी ११७८. त्यात एका विषयातली नावं घ्या असंच सुचवलं आहे, आणि स्वतःचं नाव यंत्राला देऊ नका असंही. दहा-बारा यंत्रं असतील तर खुशाल द्या. बोरी, अनेर, वाघूर, बुराई, सुकी, मोर घेतल्या तरी खानदेशातल्या नद्या पुरतात. फक्त स्पेलिंग एकदा ठरवून फळ्यावर लिहून ठेवा, नाहीतर ‘गोमाई’ तीन जण तीन तऱ्हांनी टाइप करतात आणि शेअर केलेलं फोल्डर सापडत नाही. यंत्रं २० च्या वर गेली की नद्यांची नावं सर्व्हर आणि प्रिंटरला ठेवा, बाकीच्यांना क्रमांक.

पाचोऱ्याहून एक तंत्रनिकेतनचा विद्यार्थी:

सहा यंत्रांवर उबंटू सर्व्हर एकाच इमेजवरून टाकला. ‘होस्टनेमसीटीएल’नं प्रत्येकाला वेगळं नाव दिलं. तरी सगळ्यांना एकच आयपी मिळतो.

उत्तर: नाव बदललं, पण ‘ईटीसी’ फोल्डरमधली ‘मशीन-आयडी’ फाइल सहाही यंत्रांत सारखीच आहे. उबंटू सर्व्हर आयपी मागताना आपली ओळख या फाइलवरून बनवतो, म्हणून आयपी वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरला सहाही एकच वाटतात. इमेज घेण्याआधी ही फाइल पुसून टाकू नका, रिकामी करा. पहिल्यांदा सुरू होताना प्रत्येक यंत्र आपली नवी ओळख तयार करतं. एसएसएचच्या होस्ट-किल्ल्याही (दुरून लॉगिन करताना यंत्राची ओळख पटवणाऱ्या फाइली) इमेजमधून काढा आणि प्रत्येक यंत्रावर नव्या तयार करून घ्या. पुढच्या वेळी इमेजऐवजी ऑटोइन्स्टॉल करून पाहा. त्यातल्या ‘आयडेंटिटी’ विभागात होस्टनेम लिहिता येतं, आणि प्रत्येक यंत्राला त्याच्या मॅकप्रमाणे वेगळी फाइल पुरवता येते.

जळगावहून एक कर सल्लागार:

ऑफिसातल्या मुख्य संगणकाचं नाव विचित्र होतं म्हणून मुलानं बदललं. आता बाकीच्या तीन संगणकांवर टॅलीत कंपन्या दिसत नाहीत. डेटा गेला का?

उत्तर: डेटा जागेवर आहे. बाकीचे तीन संगणक अजून जुन्या नावाच्या यंत्रावर शोधताहेत. प्रत्येकावर टॅलीमधला डेटाचा मार्ग उघडा, त्यातलं जुनं नाव काढून नवं टाका. लायसन्सची जोडणी नावानं केली असेल तर तिथेही बदला, शेअर केलेला प्रिंटर आणि नेटवर्क ड्राइव्हही पाहा. रिटर्न भरायची घाई असेल तर आज मुख्य संगणकाला जुनंच नाव परत द्या आणि रीस्टार्ट करा, तिन्ही लगेच चालू होतील. नाव रविवारी सावकाश बदला, आधी डेटाचा बॅकअप घेऊन.